चौथ्यांदा विचारलं असतं तर

गर्शोम झिराडकर दोषी ठरला. आरोप दोन होते, दोन्हींवर ठरला. निकाल वाचायला न्यायाधीशांनी अख्खी सकाळ घेतली आणि जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर तो एकदाचा संपवला. शिक्षा पुढच्या तारखेला सांगू, म्हणाले. गर्शोम कोर्टातून निघाला, वाटेत ग्रोसरीच्या दुकानात थांबला आणि घरी आला. बूट दारातल्या ट्रेमध्ये काढून ठेवले.

"कोथिंबीर मिळाली?" जुलिएटने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मिळाली. जरा पिवळी आहे."

"असू दे. हात धुवा."

एवढंच. त्यानंतर झिराडकरांच्या घरात निकाल लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात पहिल्या पानावर गर्शोमचा फोटो आला, आणि जुलिएटने त्यावर पापलेटं साफ केली. त्यात राग वगैरे काही नव्हता. पेपर त्या घरात त्यासाठीच येत असे. व्हँकुव्हरहून मुलीचा, अडिनाचा, फोन आला तेव्हा आईने तिला पापलेटांचा भाव सांगितला. अडिना म्हणाली, "मॉम, आर यू इन डिनायल?" जुलिएट म्हणाली, "नाही गं, किचनमध्ये आहे."

कॅनडातल्या मिसिसागाच्या पुढे हायवे सोडला की हार्लन क्रीक नावाचं गाव लागतं. गर्शोम त्या गावाचा नगरसेवक होता, वॉर्ड चारचा. त्याआधी वीसेक वर्षं त्याने तिथलीच सिटी बस चालवली. त्याच्याही आधी अलिबागला पंचायत समितीत कारकून होता. गुडघे गेल्यावर बस सुटली, आणि २००६च्या निवडणुकीत लोकांनी त्याला निवडून दिलं. त्याचं धोरण कोणाला माहीत नव्हतं. थंडीत धावत येणाऱ्या माणसासाठी तो बस थांबवायचा, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

गुन्हा तळघराचा होता. वॉर्डात एक प्लाझा व्हायचा होता. गर्शोमने त्याच्या बाजूने मत दिलं. त्या प्लाझाचा कंत्राटदार वेन टकर पुढच्या महिन्यात दारात येऊन म्हणाला, तुझं बेसमेंट मी फिनिश करून देतो, मित्र म्हणून. मग तिथे लाकडी जमीन आली, भिंतीत पुरलेले दिवे आले, वॉशरूम आली आणि एका कोपऱ्यात बार आला. झिराडकरांच्या घरात दारू पिणारं कोणी नसल्यामुळे बारवर जुलिएट लोणच्याच्या बरण्या ठेवायची. कोर्टात त्या बरण्यांसकट फोटो दाखवण्यात आला. पुरावा क्रमांक अकरा.

"मी नको म्हटलं होतं," गर्शोमने साक्षीत सांगितलं. "तीनदा म्हटलं."

सरकारी वकील बाई तरुण होती आणि फार नम्र होती. "तीनदा? म्हणजे हे घेणं बरोबर नाही, हे तुम्हाला तीन वेगवेगळ्या वेळी कळलं होतं?"

"कळलं म्हणजे… तीनदा नको म्हणायचंच असतं."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा त्याने परत विचारलं."

"मग?"

"मग आता चौथ्यांदा कसं नको म्हणणार? माणसाला वाईट वाटतं."

साक्ष टाइप करणाऱ्या बाईने मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं. वेन टकर सरकारी साक्षीदार झाला होता आणि सुटला होता. त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती गर्शोमने वकिलाला काय, जुलिएटलाही सांगितली नव्हती, की पहिलं नको म्हणतानाच त्याने कॅरम कुठे ठेवायचा ते ठरवून टाकलं होतं.

*

कायदा असा होता की नगरसेवकाला नुसतं दोषी ठरवून त्याची खुर्ची जात नाही. ती तो तुरुंगात गेल्यावर जाते. म्हणजे मधल्या काळात गर्शोम एकाच वेळी गुन्हेगार आणि वॉर्ड चारचा माननीय प्रतिनिधी होता. दोन्ही कामं त्याला एकाच फोनवर करावी लागत.

"गर्श, वाचलं मी तुझ्याबद्दल," वॉर्डातल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "फार फार वाईट झालं. रात्रभर झोपले नाही. बरं, ते माझ्या दारातल्या बर्फाचं काय केलंस?"

दारातला बर्फ हा वॉर्ड चारचा मोठा प्रश्न होता. पालिकेचा नांगर लावलेला ट्रक रस्त्यावरून फिरतो, रस्ता स्वच्छ करतो, आणि तो सगळा बर्फ कडेला ढकलत प्रत्येक घराच्या ड्राइव्हवेच्या तोंडावर एक बांध घालून पुढे जातो. गुडघ्याइतका उंच, आणि तासाभरात दगड होणारा. तो ज्याचा त्याने फोडायचा. ज्याला फोडता येत नाही त्याने वसंताची वाट बघायची. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या दारातला बांध पालिकेने उचलावा असा ठराव आणायचं गर्शोमने निवडणुकीत कबूल केलं होतं.

आता त्यामागे घरचंही एक कारण होतं, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात जुलिएटच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, पण गर्शोम त्या वेळी सभेत होता, बांध तसाच होता, आणि गाडी त्याच्यापुढे येईना. शेवटी गाडीतल्या दोघांनी तिला स्ट्रेचरवर उचलून बांधावरून पलीकडे नेलं, आणि त्यातला एक घसरला. जुलिएट वाचली. हृदयाची झडप नीट लागत नव्हती. डॉक्टरने सांगितलं, फावड्याला हात लावायचा नाही, कधीच नाही. तेव्हापासून बर्फाचे चार कण पडले की गर्शोम कोट चढवून बाहेर. जेवता जेवता उठायचा. नांगर गल्लीत वळला की त्याला आवाजावरून कळायचं, आणि ड्रायव्हरला वाटायचं हा माणूस आपलं स्वागत करायला उभा आहे.

तुरुंगाची गर्शोमला भीती नव्हती असं नाही. पण ती भीती त्याच्या मनात नीट उभीच राहायची नाही. कोठडीचं चित्र आणायला जावं, तर तिथे ड्राइव्हवे यायचा आणि त्याच्या तोंडावर न फोडलेला बांध.

डिसेंबरच्या सभेत त्याने ठराव मांडायला घेतला. पण निकालापासून गर्शोम सावध झाला होता. इतका सावध की कुठलाही विषय निघाला की हात वर करून तो स्वतःचा हितसंबंध जाहीर करायचा. ग्रंथालयाचा विषय निघाला, त्याने जाहीर केलं की आपल्याकडे एक पुस्तक मुदतीनंतर राहिलेलं आहे. बागेतल्या बाकांचा निघाला, तर आपण त्यांवर बसतो. बांधाचा विषय आला, त्याने उभं राहून सांगितलं, "माझी बायको आजारी आहे. माझ्या दारात बांध होतो. माझा हितसंबंध आहे." आणि नियमाप्रमाणे सभागृहाबाहेर जाऊन बसला.

बाहेरच्या बाकावरून त्याला महापौरांचा आवाज ऐकू आला. "हा ठराव कोणी मांडतंय का?"

कोणी मांडत नव्हतं. मांडणारा बाहेर बसला होता.

*

त्याची वकील मिस हॉलंड. तिने त्याला कागदावर रेघ ओढून दाखवली. रेघेच्या या बाजूला तुरुंग, त्या बाजूला घर.

"घर म्हणजे?"

"शिक्षा घरात भोगायची. दवाखाना, कोर्ट, ठरवून दिलेली खरेदी, एवढ्यापुरतं बाहेर. बाकी घराच्या हद्दीत."

"ड्राइव्हवे घराच्या हद्दीत येतो?"

"येतो. का?"

"काही नाही. मला घर चालेल."

"तुम्हाला चालून उपयोग नाही, मिस्टर झिराडकर. न्यायाधीशांना चाललं पाहिजे." मग तिने सांगितलं की प्रोबेशनकडची एक अधिकारी घरी येईल. माणूस कसा आहे, घर कसं आहे, केल्याची जाणीव आहे का, याचा अहवाल ती देईल. न्यायाधीश तो वाचतील. "सगळं त्या अहवालावर आहे. ती आली की फक्त खरं बोला आणि साधं वागा."

गर्शोमने घरी येऊन हे जुलिएटला सांगितलं. निकाल लागलाच नसल्यामुळे त्याने ते फिरवून सांगितलं. "एक सरकारी बाई येणार आहे. घर बघायला."

"विकायचंय का आपल्याला?"

"नाही. आपण कसे आहोत ते बघणार."

जुलिएट कणीक मळत होती. तिने परात बाजूला सरकवली, हात पुसले आणि पहिल्यांदाच तो विषय तोंडातून काढला. "तिचं चांगलं मत झालं, तर तुम्ही घरी राहणार?"

"हं."

"मग मी मलिदा बोलते."

मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा, कोकणातल्या ज्यूंचा, नवस. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, त्या खुणांपाशी त्यांचे वाडवडील नवस बोलत आणि फेडत आले. ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, भोवती फळं. प्रार्थना झाली की ते ताट वाटायचं. दारात असेल त्याला वाटायचं. ओळखीचा असो, नसो, कुठल्याही धर्माचा असो, घरात पाऊल टाकलेल्या कोणाच्या हातावर मलिदा पडला नाही तर तो नवस अडला, असं जुलिएटची आजी सांगायची.

"काम झाल्यावर करतात ना?" गर्शोमने आठवण दिली.

"झाल्यावर करायचा, तेव्हा तुम्ही इथे नसलात तर? आधीच करू. ती बाई येईल त्याच दिवशी. माणसं बघेल, प्रार्थना ऐकेल. आपल्याकडे किती माणसं येतात ते तिलाही कळू दे."

गर्शोमला यात काही चूक दिसली नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवलेलं बरं.

*

माणसं येत असत, हे खरं. टोरांटोकडची बेने इस्राएल घरं मोजकीच. पण सणाला ती सगळी झिराडकरांकडे उतरायची, आणि वर मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी त्याच तळघरात व्हायच्या. गल्लीत गाड्या लावायला जागा उरत नसे.

त्या दुपारी गल्ली मोकळी होती. एकाच्या घरात पाणी भरलं होतं, एकाची शिफ्ट बदलली होती, एकाने विंटर टायर अजून लावले नव्हते. जुलिएट फोन घेत गेली आणि "असू दे, असू दे" म्हणत गेली. शेवटी एकच गाडी आली. ती दोन घरं सोडून राहणाऱ्या रविकांत भागवतची होती. एवढ्या अंतरासाठी तो गाडी घेऊन आला, कारण बाहेर उणे अठरा होतं. रविकांत मराठी मंडळाचा अध्यक्ष.

"वहिनी, डोक्यावर काही घालायचं असतं ना?" त्याने दारातच विचारलं. गर्शोमने त्याला आपली एक टोपी दिली. ती घालून रविकांत आरशात बघून आला आणि हळूच म्हणाला, "गर्शोमराव, वाईट वाटून घेऊ नका. पण समजा… म्हणजे समजाच हं… तर तालमीचं काय? मार्चमध्ये प्रयोग आहे. बेसमेंट चालू राहील ना?"

"राहील," गर्शोम म्हणाला. "बेसमेंटला शिक्षा नाही."

ताट तळघरात मांडलं होतं, कारण मोठी जागा तीच. प्रोबेशनची बाई वेळेवर आली. मिस प्रूइट. उंच, शांत, हातात काळी फाइल. तिने बूट काढले, स्वतःच्या पिशवीतून मोजे काढून घातले आणि जिना उतरली. खाली पोचल्यावर तिने दिवे पाहिले, लाकडी जमीन पाहिली, बार पाहिला, बारवरच्या बरण्या पाहिल्या. बरण्या फोटोत होत्या त्याच जागी होत्या. त्यांच्या शेजारी ताट, ताटाशी दोन माणसं टोप्या घालून उभी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"प्रार्थना," गर्शोम म्हणाला.

"या खोलीत?"

"ही मोठी आहे."

प्रार्थना झाली. गर्शोमचा आवाज चांगला होता. बसमध्येही तो हिब्रूत गुणगुणायचा. एलियाहूचं नाव आलं तेव्हा तो अडखळला. त्याला ऐन त्या वेळी वरच्या रस्त्यावर नांगर वळल्याचा आवाज आला होता. तरी त्याने ती पुरी केली. रविकांतने प्रत्येक ओळीनंतर मोठ्याने "आमेन" म्हटलं, जिथे नव्हतं तिथेही. मिस प्रूइट फाइल छातीशी धरून अदबीने उभी राहिली. गर्शोमला वाटलं, जमतंय.

मग जुलिएटने पानात मलिदा घातला, वर केळ्याचा तुकडा ठेवला आणि मिस प्रूइटपुढे धरला.

"नो, थँक यू."

जुलिएट हसली. पहिलं नको ते. पहिल्या नकोवर घेतो तो अधाशी. "थोडंसं घ्या. तोंडाला लावण्यापुरतं."

"मला घेता येत नाही. नियम आहे. पण आभारी आहे."

"अहो, हे जेवण नाही. आशीर्वाद आहे."

"समजलं मला. नको."

तीन झाले. जुलिएटचा चेहरा निवळला. रविकांतनेही आपला वाटा उचलायला हात पुढे केला, कारण आता पाहुणी घेणार हे त्याला माहीत होतं. जुलिएटने पान आणखी पुढे केलं, मिस प्रूइटच्या बोटांना टेकवलं आणि चौथ्यांदा म्हणाली, "माझ्यासाठी."

मिस प्रूइटने हात मागे घेतला. "मिसेस झिराडकर, नाही."

आवाज चढवलेला नव्हता. राग नव्हता. तिने ते असं म्हटलं, जसं कोणी खिडकी लावून घेतं. चौथ्यांदा नाही म्हणणारं माणूस गर्शोमने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आणि त्या बाईला काही झालंही नाही. कोणी मेलं नाही, छत कोसळलं नाही. दिवे भिंतीत होते तसे जळत राहिले. गर्शोमला एकदम गरम व्हायला लागलं. असं म्हणता येतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं होतं?

जुलिएटचा हात तसाच पुढे होता. केळ्याचा तुकडा घसरून लाकडी जमिनीवर पडला.

"डब्यात देऊ का?" ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "गाडीत खा. कोणी बघणार नाही."

रविकांतने डोळे मिटले.

मिस प्रूइट जिना चढून वर गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गर्शोमला एकट्याला बसवून बरेच प्रश्न विचारले. त्याने खरी उत्तरं दिली. शेवटी तिने विचारलं, "आज पुन्हा वेन टकर आला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"नको म्हणेन."

"आणि त्याने पुन्हा विचारलं तर?"

गर्शोमला बरोबर उत्तर माहीत होतं. ते त्याने आत्ताच खाली पाहिलं होतं. पण साधं वागा, खरं बोला, असं मिस हॉलंडने बजावलं होतं. म्हणून त्याने विचार केला. तो विचार जरा जास्तच लांबला. मिस प्रूइटने फाइल मिटली.

ती गेल्यावर जुलिएट जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. "एका माणसाने घेतलं नाही," ती म्हणाली.

"अगं, तिला नियम आहे."

"एलियाहूला कुठे माहीत आहेत त्यांचे नियम."

गर्शोम दाराशी गेला. त्याने कोट चढवला आणि बांध फोडायला गेला.

*

अहवालात तिने माणसाबद्दल बरंच चांगलं लिहिलं होतं. प्रेमळ, कष्टाळू, लोकांत मिसळणारा. मग एक वाक्य होतं: भेट आणि लाच यांतला फरक या कुटुंबाच्या अजून पूर्ण ध्यानात आलेला दिसत नाही. मिस हॉलंडने ते, खालच्या डब्याच्या नोंदीसकट, वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला. "डबा?" ती म्हणाली. "खरंच डबा?"

आता बर्फाची सोय लावायला हवी होती. हार्लन क्रीकमध्ये पैसे घेऊन बर्फ उचलणारी एकच कंपनी होती, ती वेन टकरची, आणि वेनशी किंवा त्याच्या कुठल्याही धंद्याशी संबंध ठेवायचा नाही ही गर्शोमच्या जामिनाची अट होती. मिसिसागाचे लोक एवढ्या लांब येत नव्हते. अडिना म्हणाली, "डॅड, जस्ट मूव्ह हर टु अ कॉन्डो." जुलिएट म्हणाली, तुझे बाबा सुटून येतील तेव्हा कुठल्या दारात येतील? मग अडिना रडली आणि सुट्टी मिळते का बघते म्हणाली. मिळाली नाही.

तारखेच्या आदल्या रविवारी रविकांत टोपी परत द्यायला आला. ती त्याने धुऊन आणली होती. गर्शोम ड्राइव्हवेवर फावडं घेऊन उभा होता, आणि जुलिएट पुढच्या खिडकीत.

"गर्शोमराव," रविकांत म्हणाला, "बर्फाची काळजी करू नका. मी आहे ना. दोन घरं तर सोडून."

गर्शोमच्या छातीतून काहीतरी खाली उतरलं. आठवड्यात पहिल्यांदा त्याने पूर्ण श्वास घेतला. आणि तोंडातून निघालं, "नको हो. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला. नवा स्नोब्लोअर घेतलाय. पाच मिनिटांचं काम."

"नको, खरंच नको. तुम्हाला ऑफिस असतं."

"ऑफिसला जाता जाता करीन."

"नको, नको. राहू दे."

तीन झाले. गर्शोम फावड्यावर हात ठेवून थांबला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं: बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. फक्त समोरच्याने एकदा म्हणायचं होतं. रविकांत सोलापूरचा होता, त्याच्या घरी पाहुण्याला पाच पाच पोळ्या वाढत. तो म्हणणारच.

रविकांतने श्वासाच्या वाफेतून त्याच्याकडे पाहिलं. कॅनडात त्याला पंधरा वर्षं झाली होती. ऑफिसात त्याला एकदा समज मिळाली होती. कोणी नको म्हटलं की मान राखायचा, पाठीमागे लागायचं नाही. शिवाय तो तळघरातला चौथा आग्रह त्याने डोळ्यांनी पाहिला होता, निदान मिटेपर्यंत.

"बरं," तो म्हणाला. "तुमची इच्छा. रिस्पेक्ट करतो मी."

टोपी त्याने गर्शोमच्या हातात दिली आणि दोन घरं चालत गेला.

गर्शोमला हाक मारता आली असती. रविकांत हळू चालत होता, बर्फ निसरडा होता. रविकांत, थांबा, मला गरज आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण साठ वर्षांत असं वाक्य त्याने कधी जुळवलेलं नव्हतं, आणि ते जुळेपर्यंत दोन घरं संपली. खिडकीत जुलिएटने हाताने विचारलं, काय म्हणाले? त्याने टोपी वर करून दाखवली.

*

शिक्षेच्या दिवशी पहाटे बर्फ पडला. गर्शोमने बांध फोडला, मग सूट घातला. जुलिएट म्हणाली, येते मी. तो म्हणाला, नको. ती म्हणाली, येते. तो नको म्हणाला. तिसऱ्यांदा ती कोट घालून गाडीत जाऊन बसली.

न्यायाधीशांनी सौम्यपणे सांगितलं की लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. घर त्यांना चाललं नाही. नऊ महिने, तुरुंगात, आजपासून. टाइप करणारी बाई तीच होती. जुलिएट मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली होती, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसते तशी.

"आणखी काही?" न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना विचारलं. वकिलांना काही नव्हतं.

गर्शोम उभा राहिला. मिस हॉलंडने त्याची बाही ओढली. त्याने बाही सोडवून घेतली. त्याला काहीतरी मागायचं होतं, आणि कोणी न विचारता मागायची त्याची ही पहिलीच वेळ होती. आधी ते मनात मराठीत आलं, अलिबागच्या पंचायत समितीत टेबलावर रोज लिहायचा त्या भाषेत. इंग्रजीत त्याने ते जमेल तसं केलं. टाइप करणारी बाई थांबली नाही, सगळं उतरवून घेत गेली:

महोदय, अर्जदार हा हार्लन क्रीक, वॉर्ड क्रमांक चार येथील रहिवासी असून, त्याच्या दारात हिवाळ्यात बर्फाचा बांध होतो. अर्जदाराची पत्नी हृदयविकाराने आजारी आहे, व सदर बांध फोडणारे घरात अन्य कोणी नाही. अर्जदाराची शिक्षेबाबत तक्रार नाही. सबब मा. न्यायालयास नम्र विनंती की, शिक्षेचा कालावधी आवश्यक वाटल्यास दुप्पट करण्यात यावा, मात्र तो केवळ उन्हाळ्यात भोगण्याची परवानगी मिळावी; आणि दरवर्षी पहिला बर्फ पडण्यापूर्वी अर्जदारास, फावड्यासह, घरी पोहोचवण्यात यावे.